टायटॅनियमच्या स्लीव्हवर विद्युत ठिणगीने थर द्यावा का?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी)
नमस्कार. रासायनिक पंपाची ग्रेड ५ टायटॅनियमची (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) शाफ्ट-स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली, झीज स्वतःवर घेणारी नळी) आमच्याकडे दुरुस्तीला आली आहे. तिच्यावर गंजाचा मागमूस नाही, पण ग्लँड पॅकिंगखालची (शाफ्टभोवती गळती रोखणाऱ्या दोरीसारख्या भरणाखालची) जागा ०.३ मिमी झिजून ओरबाडली गेली आहे. वेल्डिंगने भरल्यास पातळ स्लीव्ह वाकेल, म्हणून टंगस्टन कार्बाइडच्या इलेक्ट्रोडने ठिणगीचा थर देऊन माप परत आणण्याचा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (उद्यमनगर)
वाकण्याची भीती या पद्धतीत खरोखरच नाही, कारण कपॅसिटरमधील ऊर्जा काही मायक्रोसेकंदांत बाहेर पडते, इलेक्ट्रोडच्या टोकाचा वितळलेला कण जॉबवर (ज्या भागावर काम चालले आहे त्यावर) बसताक्षणी गोठतो आणि बाकीचा जॉब जवळजवळ थंडच राहतो. मात्र ०.३ मिमी माप या मार्गाने भरू नये. असा थर साधारणपणे काही दशांश नव्हे, तर काही शतांश मिलिमीटरच असतो. त्यावर फेऱ्या वाढवत गेल्यास आतील ताणामुळे सूक्ष्म भेगा पडून तो तुकड्यांनी निघू लागतो. शिवाय काम आर्गॉनच्या झोतात करावे, कारण तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते.

उत्तर २ (गोकुळ शिरगाव)
पंपातून आम्ल जात असेल, तर इलेक्ट्रोडचाही फेरविचार करावा. टंगस्टन कार्बाइडचे कण बहुधा कोबाल्टने बांधलेले असतात आणि आम्ल आधी त्या कोबाल्टलाच खाते. म्हणजे ज्या गुणासाठी एवढे महाग टायटॅनियम घेतले, तोच पृष्ठभागावर गमावला जाईल. ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड वापरल्यास त्यातील कार्बन वितळलेल्या टायटॅनियमशी संयोग पावून जागच्या जागी टायटॅनियम कार्बाइड तयार होते, त्यामुळे कोबाल्टचा प्रश्नच उरत नाही. हा थर खडबडीत येतो आणि तसाच ठेवल्यास पॅकिंग कापतो, म्हणून डायमंड पेस्टने लॅपिंग (घासून गुळगुळीत करणे) करावेच. आणखी एक कळकळीची विनंती: स्लीव्हवर हे चालेल, परंतु उलटसुलट भार सोसणाऱ्या टायटॅनियमच्या शाफ्टवर असा थर देऊ नये; थरातील भेगांपासूनच पुढे थकव्याचे तडे सुरू होतात.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पंपातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लच जाते, हे मी आधीच लिहायला हवे होते. आता जुनी स्लीव्ह भरण्याऐवजी पूर्ण मापाची नवी करून, बसवण्याआधीच तिच्यावर ग्रॅफाइटने पातळ थर देण्याचे ठरवले आहे. जुन्या स्लीव्हच्या तुकड्यावर आधी चाचणी घेऊन, तो कापून थराची जाडी आणि भेगा पाहीन व निष्कर्ष इथेच कळवीन.