देवळाच्या स्लॅबसाठी देवराई तोडायची?

आमच्या देवराईतली, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातली (रत्नागिरी जिल्हा) वाळकी काटकीही पूर्वी कोणी उचलत नसे. आता देवळाला स्लॅब घालायचा म्हणून बेहड्याचं जुनं झाड विकायचं घाटतंय. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी दरवर्षी अंडी घालायला स्वतःला आत लिंपून घेते, नर फळं आणून भरवतो. जीव तुटतो माझा. काय करू?

प्रतिसाद: ताई, ग्रामसभेत मांडा, बायकांना सोबत न्या. आमची राई विरळ झाली आणि खालचा झरा मार्चातच आटला. हंडे बायकांच्याच डोक्यावर आले.

प्रतिसाद: गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या एकीमुळेच. पण आधी सातबारा काढा. राई कोणाच्या नावावर आहे?

प्रश्नकर्ती: उद्याच तलाठ्याकडे जाते. झाड विकायला लागू नये म्हणून गावच्या मुंबईकरांनाही स्लॅबच्या वर्गणीसाठी फोन लावलेत.