ठासणीचे जुने पिस्तूल पार्सलने पाठवायचे आहे: नियम नेमके कोणाचे पाहावेत?

नवखा संग्राहक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडवलेले, टोपी (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी धातूची स्फोटक टोपी) लावून उडवायचे एकनळी ठासणीचे पिस्तूल आहे. ते मूळच्या लाकडी पेटीत असून सोबत दारू ठेवायचे तांब्याचे पात्र, शिशाची गोळी ओतायचा साचा आणि टोप्यांची एक छोटी पत्र्याची डबी आहे. अमेरिकेतच, पण दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या एका संग्राहकाने हा संपूर्ण संच घ्यायचे ठरवले असून तो मी पार्सलने पाठवावा अशी त्यांची इच्छा आहे.

1898 किंवा त्यापूर्वी बनवलेले शस्त्र संघराज्याच्या कायद्याने ‘पुरातन’ ठरते आणि त्याला परवानाधारक विक्रेत्याची मध्यस्थी लागत नाही, एवढे मी वाचले आहे. मात्र एका खासगी पार्सल कंपनीच्या खिडकीवर ‘कोणतेही अग्निशस्त्र स्वीकारत नाही’ असे सांगण्यात आले, तर त्याच कंपनीच्या दूरध्वनी सेवेवर ‘पुरातन असेल तर चालेल’ असे उत्तर मिळाले. यातले कोणते उत्तर खरे मानावे, पेटीवर काय लिहावे आणि काय लिहू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कागदपत्रे

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एखादी वस्तू पाठवणे कायदेशीर आहे का, हा एक प्रश्न. आणि अमुक वाहतूकदार ती स्वीकारण्यास बांधील आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणजे दुसऱ्याचेही तेच येईल असे गृहीत धरल्यामुळेच बहुतेक घोळ होतात.

कायद्यापुरते पाहायचे तर 1968 च्या गन कंट्रोल अॅक्टमधील व्याख्या आपल्या बाजूची आहे. तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी), चकमकीची किंवा टोपीची असो, 1898 पर्यंत बनलेली बंदूक वा पिस्तूल त्या कायद्याच्या दृष्टीने ‘अग्निशस्त्र’च नसते. यात तारीख धरायची ती शस्त्राच्या मूळ सांगाड्याची. नळी किंवा दस्ता नंतर बदलला असला तरी तिच्यात फरक पडत नाही. याचे गमतीदार उदाहरण म्हणजे फिनलंडची एम 39 रायफल. ती जुळवली गेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, परंतु तिच्यासाठी रशियन मोसिन-नागां रायफलींचे जुने सांगाडे वापरले गेल्यामुळे 1890 च्या दशकातील सांगाडा असलेली एम 39 ‘पुरातन’ ठरते, आणि ती तारीख कुंद्याखाली दडलेली असल्याने कुंदा उतरवल्याशिवाय दिसतही नाही. आपल्या पिस्तुलाच्या बाबतीत असला प्रश्न उद्भवत नाही. मात्र आपले आणि घेणाऱ्यांचे, अशा दोन्ही राज्यांचे कायदे स्वतंत्रपणे तपासा, कारण पुरातन शस्त्रांना सर्व राज्ये सारखी सवलत देत नाहीत.

आता वाहतूकदार. लपवून नेता येण्याजोगी शस्त्रे सामान्य नागरिकांनी टपालाने पाठवू नयेत, असा कायदा 1927 मध्ये झाला. तथापि टपाल खात्याच्या नियमावलीत पुरातन शस्त्रांना अपवाद आहे: कुतूहलाची किंवा संग्रहालयीन वस्तू म्हणून पाठवलेले पुरातन पिस्तूल टपालाने जाऊ शकते, मात्र ते भरलेले नसल्याची खात्री करून घेण्याचा अधिकार टपाल कार्यालयाला असतो. खासगी कंपन्यांचे तसे नाही. त्या आपल्या कराराच्या अटींवर चालतात आणि त्या अटी कायद्यापेक्षा कडक ठेवण्याची त्यांना मुभा आहे. कंपनीच्या लेखी अटींत ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या कशी केली आहे, ते शोधा. ती कायद्यातील व्याख्येशी जोडलेली असेल तर पुरातन शस्त्र बाहेर राहते. ‘सर्व प्रकारची अग्निशस्त्रे’ अशी मोघम असेल तर आत येते. दूरध्वनीवरील तोंडी होकाराला, पार्सल मध्येच अडवले गेल्यावर, काडीचीही किंमत राहत नाही.

माझा सल्ला विचाराल तर टपाल खात्याच्या नोंदणीकृत सेवेने पाठवा. ती संथ आहे, परंतु प्रत्येक टप्प्यावर सही घेतली जाते आणि 50,000 डॉलरपर्यंत विमा मिळतो. त्या सेवेत खोक्याचे सांधे कागदी चिकटपट्टीनेच बंद करावे लागतात, कारण त्यांवर शिक्के उमटले पाहिजेत. चकचकीत प्लास्टिकची पट्टी लावून नेलेत तर खिडकीवरून परत पाठवतील.

गजवाला

कागदांचे वरील विवेचन उत्तम आहे, पण मला त्याआधीची काळजी वाटते. पिस्तूल रिकामे आहे, हे आपण कशावरून म्हणता? आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

ठासणीची हत्यारे बार भरलेल्या स्थितीत भिंतीवर टांगून ठेवली जात आणि मालक बदलत गेले तरी आतला बार तसाच राहत असे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनंतरही पेटू शकते. ‘पाणी ओतून ठेवले, आता भीती नाही’ हा समजही धोक्याचा आहे, कारण भिजलेली दारू वाळल्यावर पुन्हा पेट घेऊ शकते.

तपासणी अवघड नाही. निपलवर (टोपी जिच्यावर बसवतात त्या नळीच्या मागच्या पोकळ खुंटीवर) टोपी नाही हे आधी पाहा आणि असल्यास कशालाही हात न लावता थेट जाणकाराकडे जा. नसेल तर पिस्तुलाचे तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून नळीत लाकडी काठी अलगद सोडा आणि नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचे टोक निपलच्या बुडापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी; बोटभर अलीकडेच थांबले तर आत गोळी आणि दारू आहे असेच धरून चालावे. काही चांगल्या बनावटीच्या नळ्यांत मागची दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते आणि त्यामुळे काठी किंचित अलीकडे अडते, पण शंकेचा फायदा पिस्तुलाला देऊ नये. बार भरलेला निघाला तर तो स्वतः उकरून काढू नका. ठासणीच्या हत्यारांचे काम करणारा बंदूक कारागीर तो सुरक्षितपणे काढून देतो.

दुसरे, ती पत्र्याची डबी. त्यात टोप्या शिल्लक आहेत का? जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फुल्मिनेट असे आणि ते आघाताला अत्यंत संवेदनशील असते. अशी डबी कोणत्याही पार्सलमधून जाऊ शकत नाही, मग पिस्तूल कितीही पुरातन असो. तांब्याच्या पात्राचेही तसेच: आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात काळी दारू यूएन 0027 या क्रमांकाखाली वर्ग 1.1 ची स्फोटक वस्तू आहे. पुरातन शस्त्राला मिळणारी सूट पिस्तुलाची आहे, त्याच्या खाद्याची नाही. संग्राहकांना मूळ लेबल असलेली डबी हवी असते हे मी जाणतो, पण डबी रिकामी करूनच द्यावी, आणि टोप्या नष्ट करण्याचे काम घरी न करता स्थानिक अग्निशमन किंवा पोलीस यंत्रणेला विचारावे. फोनवर विचारा, डबी हातात घेऊन तिथे जाऊ नका.

सोपा मार्ग

एवढा व्याप कशाला? मी असतो तर ‘लाकडी पेटी व धातूच्या शोभेच्या वस्तू’ असे लिहून पाठवून दिले असते. ते खोटेही ठरत नाही आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला डोके खाजवावे लागत नाही.

कागदपत्रे

‘सोपा मार्ग’ यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पिस्तुलाची आकृती पिस्तुलासारखीच दिसते. त्या क्षणी कर्मचाऱ्यासमोर ‘शोभेच्या वस्तू’ असे लिहिलेला कागद असेल तर त्याला संशय घेण्यास कारण मिळते, आणि पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर चुकीचे वर्णन दिले या एकाच मुद्द्यावर दावा फेटाळला जातो. कायदेशीर वस्तू लपवून पाठवण्यात कोणता लाभ आहे, हे मला खरोखरच कळत नाही.

अर्थात खोक्याच्या बाहेर ‘पिस्तूल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे चोराला आमंत्रण आहे, आणि हे कायद्यालाही ठाऊक आहे. आतमध्ये अग्निशस्त्र असल्याचे दर्शवणारी चिठ्ठी बाहेरून लावण्याची सक्ती वाहतूकदाराने करू नये, अशी स्पष्ट तरतूद संघराज्याच्या कायद्यात आहे. म्हणून बाहेर फक्त नाव-पत्ते ठेवावेत. खिडकीवर आणि कागदपत्रांत ‘पुरातन ठासणीचे पिस्तूल, 1898 पूर्वीचे, रिकामे’ असे स्पष्ट सांगावे. आणि खोक्याच्या आत सर्वांत वर घडणीचा काळ, प्रकार व छायाचित्र असलेला एक कागद ठेवावा. कोणी खोके उघडलेच तर पहिली नजर त्यावर पडते.

नवखा संग्राहक

सर्वांचे मनापासून आभार. निपलवर टोपी नाही. काठीने मोजून पाहिले. टोक निपलच्या बुडाशी नीट पोहोचते, तेव्हा नळी रिकामी आहे. डबीत मात्र काही टोप्या खुळखुळत आहेत, त्यामुळे ती पेटीतून काढून बाजूला ठेवली असून उद्या अग्निशमन केंद्राला फोन करीन.

आणखी एक शंका. हा व्यवहार बारगळला तर ब्रिटनमधील एक गृहस्थ उत्सुक आहेत, आणि नातेवाइकांपैकी एकांनी ‘भारतातच का पाठवत नाहीस’ असेही विचारले आहे. देशाबाहेर पाठवताना हेच नियम चालतात का?

लांबचा टपालवाला

चालत नाहीत. सीमा ओलांडली की ‘पुरातन’ या शब्दाचा अर्थ बदलतो. अमेरिकेतल्या अमेरिकेत 1898 हे साल निर्णायक आहे, पण तिथल्याच निर्यात नियमांत पुरातन म्हणजे 1890 पूर्वीचे. कॅनडात 1898 च्या आधीचे लागते, म्हणजे त्या एका सालात बनलेले हत्यार सीमेच्या एका बाजूला पुरातन आणि दुसऱ्या बाजूला नाही. ब्रिटनमध्ये 2021 च्या नियमांनी 1 सप्टेंबर 1939 ही सीमा घातली, पण तारखेसोबत पेटवण्याची पद्धत किंवा काडतुसाचा प्रकारही पाहिला जातो, आणि ते हत्यार ‘कुतूहलाची वा शोभेची वस्तू’ म्हणूनच बाळगलेले असावे लागते. आपले टोपीचे पिस्तूल या सर्व चाळण्यांतून बहुधा सुटेल.

भारताचे वेगळे आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, परंतु ते हत्यार दुरुस्त करूनही चालवता येऊ नये अशी अट तिथे आहे. आपले पिस्तूल चालण्याजोगे असेल तर केवळ वयाच्या जोरावर ते तिथे सुटणार नाही. उलट दिशेने येऊ पाहणाऱ्यांसाठीही सांगतो: शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. घरातली वडिलोपार्जित तोड्याची बंदूक परदेशी न्यायचा विचार इथे अनेकांच्या मनात येतो, म्हणून हा विषयांतराचा दोष पत्करला.

सीमाशुल्काच्या अर्जावर वस्तूचा वर्गीकरण क्रमांक लिहावा लागतो; शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी 9706 हे शीर्षक आहे. त्याच वर्गीकरणातील शस्त्रांच्या 93 व्या प्रकरणातून पुरातन वस्तू स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. दस्त्यावर हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचे जडावकाम असेल तर मात्र शस्त्राचा प्रश्न बाजूला राहून वन्यजीवांच्या व्यापाराचे नियम लागू होतात. ब्रिटनमध्ये तर हस्तिदंत कायदा 2022 पासून अमलात आहे. जुन्या पिस्तुलांची पार्सले अडकण्याचे हे कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही.

गजवाला

बांधणीविषयी राहिले होते, ते लिहितो. घोडा पूर्ण खाली उतरवून ठेवा, जेणेकरून कमानीवर ताण राहणार नाही. पिस्तूल पेटीतल्या मूळ खाचेत ठेवून पाठवू नका. खाच सैल झालेली असते आणि वाटेत साचा किंवा पात्र उसळून दस्त्यावर आदळते. प्रत्येक वस्तू आम्लरहित कागदात वेगळी गुंडाळा आणि पेटी रिकामी, स्वतंत्र बांधा. फुग्यांचे प्लास्टिक थेट लाकडाला लावले तर जुन्या रोगणावर त्याचे ठसे उमटतात, म्हणून मध्ये कागदाचा थर हवा. लोखंडावर तेलाचा हलका हात फिरवून सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. मग सगळे एका खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी भरण घालून. बांधण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे आणि काठीने घेतलेल्या मापाचे छायाचित्र घ्या आणि ते पार्सल निघण्याआधीच घेणाऱ्यांना पाठवा.