मालिकेत असिस्टंट व्हावं की आधी एडिटिंग शिकावं? (आणि मे महिन्यात नागपुरात शूटिंग)

फुटाळाकाठ

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दिग्दर्शन-सहाय्य केलेलं आहे, ९ आणि १४ मिनिटांचे दोन लघुपट हातात आहेत. ठाण्यात शूट होणाऱ्या एका मराठी डेलीसोपमध्ये चौथ्या असिस्टंटची जागा मिळू शकते, जूनपासून. काही जण म्हणून राहिले की मालिकेत गेलं की सिनेमा विसरायचा. काही म्हणतात, हात तिथंच बसतो. चौथ्या असिस्टंटला नेमकं काय करावं लागते आणि तिथून दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत रस्ता खरंच आहे का?

दुसरं म्हणजे, जायच्या आधी तिसरा लघुपट उरकायचा विचार आहे. धरमपेठेतलं एक जुनं घर मे महिन्यात आठ दिवस रिकामं मिळते. दोन पात्रं, सगळं घरातल्या घरात. करावं का?

क्लॅपमास्तर

रस्ता आहे. तो कुठून फुटतो तेवढं समजून घ्या. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग दाखवायचे तर रोज जवळपास एक भाग डब्यात पडावाच लागतो. तयार भागांच्या साठ्याला सेटवर ‘बँक’ म्हणतात. कलाकार आजारी पडला, सीन उशिरा आले, चॅनेलनं कथेचा ट्रॅकच बदलायला लावला, की बँक आटते. मग दुसरं युनिट लावतात. त्या युनिटला उद्या सकाळी दिग्दर्शक हवा असतो आणि बाहेरच्या माणसाला कथा समजावत बसायला कोणाला सवड नसते. म्हणून चीफ असिस्टंटला उभं करतात. बरेच एपिसोड डिरेक्टर असेच तयार झालेत. चौथ्यापासून चीफपर्यंत जायला मात्र दोन-तीन मालिका धरून चाला.

चौथ्याकडे क्लॅप (सीन आणि टेकचा नंबर लिहिलेली पाटी), कलाकारांना मेकअपरूममधून वेळेवर फ्लोअरवर आणणं आणि कपडे-दागिन्यांची कंटिन्यूटी, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहणं. शेवटचं काम क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त शिव्या त्यावरच बसतात. मालिकेत सीन क्रमानं शूट होत नाहीत. हॉल लागला की तीन भागांतले हॉलचे सगळे सीन एका दमात. म्हणजे सकाळी ११२ व्या भागातला सीन ४ आणि जेवणानंतर ११० व्या भागातला सीन ९. दोन्हीत नायिका त्याच दाराआड जाते, पण कथेत मधे दोन दिवस गेलेले असतात. म्हणून कागदावर सीन नंबरशेजारी ‘कथेचा दिवस’ लिहा. प्रत्येक सीनच्या सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो घ्या, समोरून आणि पाठीमागून. पाठीवरची वेणी कशी बांधली होती, हे समोरच्या फोटोत दिसत नाही. फोटोला तिथल्या तिथं नाव द्या: ११२-०४-शेवट. रात्री घरी जाऊन नावं देऊ म्हटलं की गेलं काम.

हमखास फसणाऱ्या जागा: मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, चहाच्या कपातली पातळी, कप कोणत्या हातात. सगळ्यात घातक म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर घेतलेले क्लोज (चेहऱ्याचे जवळून शॉट). कलाकार पदर सोडून जेवतात, परत नेसतात, आणि निऱ्या बदलतात. मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा रुंद शॉट, सुट्टीआधी झाला असेल तर क्लोजही आधीच उरकायला चीफच्या मागे लागा.

मालिकेत काय शिकायला मिळत नाही तेही सांगतो. दिसण्याची पद्धत पहिल्या काही भागांत सिरीज डिरेक्टर ठरवून ठेवतो. नंतर येणारा तोच साचा चालवतो. तीन कॅमेरे, एक रुंद, दोन समोरच्या पात्राच्या खांद्यावरून. कॅमेरा कुठं लावायचा हा प्रश्न तिथं दिवसातून एकदाही पडत नाही, आणि सिनेमाचा दिग्दर्शक तर त्याच प्रश्नावर पोट भरतो.

पैशाचं: काम केल्यापासून ९० दिवसांनी रक्कम मिळणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. चार महिन्यांचं भाडं-खाणं जवळ ठेवूनच गाडीत बसा. आणि असिस्टंटच्या जागेसाठी कोणी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

इतवारी_टाइमलाइन

क्लॅपमास्तरांचं पैशाचं सोडा, मुद्दा त्याच्या आधीच्या परिच्छेदात आहे. कॅमेऱ्याची जागा चुकली हे सेटवर कळत नाही, एडिटिंगच्या टेबलावर कळते. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचेच. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत ते संकलन शिकले, जाहिराती केल्या, दुसऱ्यांचे सिनेमे कापले आणि २००३ मध्ये स्वतःचा पहिला चित्रपट आणला. नवख्याचा सीन आणि त्यांचा सीन यात पहिला फरक कटच्या जागेचा असतो.

टेबलावर आठ दिवस बसलं तरी या गोष्टी कायमच्या कळतात. संवाद संपता संपता ‘कट’ ओरडणारा दिग्दर्शक एडिटरचा गळा आवळतो. शेवटच्या शब्दानंतर मनात चारपर्यंत मोजा, मग ओरडा. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही पूर्ण सीनभर घ्या, निदान एकदा. दोन खराब टेक जोडायचे असतील तर ऐकणाऱ्याचा चेहराच वाचवतो. प्रत्येक खोलीचा ३० सेकंद नुसता शांत आवाज घ्या, सगळे जागच्या जागी उभे असताना. तो नसेल तर दर कटला पार्श्वभूमी उडी मारते आणि संगीत ओतून ती झाकावी लागते.

बदलत्या नजरेचं: बोलणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी एक कल्पित रेघ धरा, आणि कॅमेरा तिच्या एका बाजूला लावला की ती ओलांडू नका. ओलांडायचीच असेल तर कॅमेरा फिरताना दाखवा किंवा मधे रेघेवरूनच एक शॉट टाका. मालिकेत तीन कॅमेरे एकाच बाजूला असतात म्हणून ही चूक होत नाही. एका कॅमेऱ्यानं लघुपट करणारा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास करतो, कारण काल कुठल्या बाजूला होतो ते आठवत नाही. घराचा नकाशा काढून त्यावर बाण मारून ठेवा.

ताई, माझं मत असं: मालिका घ्या, पण सुट्टीच्या दिवशी त्याच मालिकेच्या एडिटरकडे जाऊन बसा. तुम्ही धरलेला क्लॅप त्याला कसा दिसतो ते पाहा. अर्धा दिसणारा क्लॅप, तोंडानं न सांगितलेला टेक नंबर, यात त्याचा किती वेळ जातो ते कळलं की दुसऱ्या दिवसापासून हात सुधारते.

शून्यसावली

लघुपटाच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही.

मे महिना, नागपूर, घरातलं शूटिंग. पहिला शत्रू कूलर. कूलर चालू ठेवून सिंक साउंड (शूट करतानाच संवाद रेकॉर्ड करणं) होत नाही. त्याची घरघर ताटीवरचं पाणी कमीजास्त झालं की बदलते, म्हणून नंतर साफ करायला गेलं की संवादही खरवडून निघतात. बंद केला तर वीस मिनिटांत कपाळावर घाम, आणि घाम ही कंटिन्यूटीच आहे. उपाय एकच: टेकच्या मधे चालवा, रोल करायच्या आधी बंद करा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत दम धरा. छताचा पंखाही बंद. चालू पंख्याची सावली भिंतीवर नाचते. फ्रिज बंद केला तर घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना चालू करायचा राहत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही.

दुसरा शत्रू ऊन. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येते. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, अंगणात माणूस उभा केला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. त्यात खिडकीबाहेरचं पांढरंफटक अंगण आणि आतला अंधार एका एक्स्पोजरमध्ये बसत नाही. म्हणून कथा रात्रीची करता आली तर करा. संध्याकाळी साडेसात ते रात्री तीन, चार रात्री. आवाजही कमी, कॅमेराही तापून बंद पडत नाही. दिवसाचं काही हवंच असेल तर सकाळी सहा ते नऊ.

रात्रीची अडचण दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २४ फ्रेमवर शटर १/४८ ठेवलं तर चित्र हळूहळू उजळते-मंदावते. १/५० ठेवा, किंवा शटर कोनात असेल तर १७२.८ अंश. स्वस्त एलईडी बल्बचा भरवसा नाही. घरातला प्रत्येक बल्ब आदल्या दिवशी कॅमेऱ्यातून दोन मिनिटं पाहा आणि लुकलुकणारा बदलून टाका.

हिवाळ्यात ढकलू म्हणाल तर झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे) नट दिवाळीनंतर रिकामे नसतात, वडसा-गडचिरोलीकडे रोज रात्री प्रयोग. उन्हाळ्यात मात्र तेच सहज मिळतात. हा मेचा एकमेव फायदा, पण मोठा.

फुटाळाकाठ

कथा रात्रीची करता येते, फक्त एक सीन अंगणातला आहे. तो सकाळी घेईन. क्लॅपमास्तर, जॉइन व्हायच्या आधी चीफला काय विचारू?

क्लॅपमास्तर

शिफ्ट १२ तासांची आहे का आणि त्यापुढचे तास कसे मोजतात. आठवड्याची सुट्टी ठरलेली की बँक पाहून. नामावलीत नाव कोणत्या पदाखाली. पैसे किती दिवसांनी आणि कोणाच्या सहीनं. हे मेसेजवर लिहून घ्या, फोनवर बोलणं झालं असलं तरी. आणि पहिल्या दिवशी दोन जाड मार्कर, एक सुती फडकं आणि जादा पॉवर बँक सोबत ठेवा. क्लॅप पुसायला पदर वापरला की काळं पडते, आणि कंटिन्यूटीचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तोच दुपारी चारला मान टाकते.

इतवारी_टाइमलाइन

आणि लघुपटाचं फुटेज रोज पहाटे दोन वेगळ्या हार्डडिस्कवर घेतल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. एक डिस्क घरमालकाकडं, दुसरी तुमच्याकडं. उन्हात उभ्या गाडीत एकही नको.