'अतिलघु स्पंद': नक्की काय लघु?

प्रश्न: लेसरवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'अल्ट्राशॉर्ट पल्स'ला 'अतिलघु स्पंद' लिहिलं, तर संपादक विचारतात, काय लघु? लांबी, तीव्रता की वेळ? शिवाय 'पल्स ट्रेन'ला काय म्हणू? 'आयनीभूत वायू' म्हणजे प्लाझ्माच ना?

— शंका रास्त आहे. 'लघुलहरी' ऐकून वाढलेल्या वाचकाला 'लघु' म्हटलं की तरंगलांबीच आठवते. इथे आखूड आहे तो वेळ, म्हणून 'अत्यल्पकालिक स्पंद'. जड आहे, पण एकदा लिहून पुढे नुसतं 'स्पंद' चालेल. 'झोत' नको, तो अखंड वाटतो. ट्रेनची आगगाडी मात्र करू नका हो! 'स्पंदमाला'.

— किती अल्प तेही लिहा. 'ॲटो' आला डॅनिश भाषेतल्या अठरा या आकड्यावरून. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा परार्ध भाग केले तर त्यातला एक. आपलं विपळ 0.4 सेकंदाचं, ते इथे युगासारखं! एका ॲटोसेकंदात प्रकाश जेमतेम 0.3 नॅनोमीटर जातो.

— तरंगलांबीचा संबंध अगदीच झटकू नका. स्पंदात साधारण एक तरी लहर बसावी लागते. 800 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाची एक लहर सुमारे 2.7 फेम्टोसेकंदांची, म्हणजे 2,700 ॲटोसेकंद. त्याहून फार खाली जायचं तर लहरच आखूड हवी. त्यासाठी वायू लागतो. आर्गॉन किंवा निऑनवर तीव्र लेसर सोडला की त्याचं विद्युतक्षेत्र अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढतं, क्षेत्राची दिशा उलटली की त्यालाच माघारी ढकलतं. तो आपल्याच आयनावर (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्याच अणूवर) येऊन आदळला तर मिळवलेली ऊर्जा अतिनील प्रकाश होऊन बाहेर पडते. हे दर अर्ध्या आवर्तनाला घडतं, म्हणूनच लेसरच्या वारंवारतेच्या फक्त विषम पटी मिळतात.

तेव्हा 'आयनीभूत' हे भूतकालवाचक रूप इथे फसवं आहे. वायूचं आयनीभवन चालू असताना ही गंमत होते. ते फार झालं, मोकळे इलेक्ट्रॉन साचले, तर लेसर आणि नवा प्रकाश यांची पावलं जुळत नाहीत आणि स्पंद क्षीण होतात. मी 'आयनीभवन होत असलेला वायू' लिहीन. विश्वकोशातला 'आयनद्रायू' छान शब्द आहे, पण प्लाझ्मासाठी राखून ठेवा.

— या पटींची लांबच लांब रांग ॲन लुइलिए यांना 1987 मध्ये दिसली होती. 2001 मध्ये पिएर आगोस्तिनी यांनी 250 ॲटोसेकंदांच्या स्पंदांची माला मोजली, फेरेन्क क्राउझ यांनी 650 चा सुटा स्पंद वेगळा काढला. तिघांना 2023 चं नोबेल. माला आणि सुटा हा भेद अनुवादात पुसला जाऊ देऊ नका.

— एक राहिलंच. समासात पहिलं पद असेल तर 'लघुलहरी' बरोबर, पण 'अतिलघू स्पंद' असं सुटं लिहिताना 'लघू' दीर्घ.

— म्हणजे लघू दीर्घ! नको बाई, 'अत्यल्पकालिक'च करते.