मेमरी चिपला थेट कमांड द्यायची मुभा प्रोग्रामला असावी का?

आखाड्यावरून (परभणी):
मागच्या खरिपात ठिबकाचा कंट्रोलर बंद पडला. डीपी जळाली, चौथ्या दिवशी लाइन आली, अन् बोर्ड सुरूच होईना. ईएमएमसी चिप, म्हणजे बोर्डावरच डकवलेली मेमरी, दगावली होती. ईएमएमसीच्या ५.० आवृत्तीपासूनच्या चिपा स्वतःची झीज सांगतात: चिपच्या स्वतःच्या माहितीच्या रजिस्टरातल्या ५१२ बाइटांपैकी २६८ आणि २६९ क्रमांकाच्या बाइटात. ०१ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत वापर, ०बी म्हणजे आयुष्य सरलं. बोर्ड ज्यावर चालतो त्या लिनक्समध्ये २०११ च्या ३.० आवृत्तीपासून प्रोग्रामला चिपला थेट कमांड पाठवता येते. आमच्या बोर्डावर ती वाट बंद करून ठेवलीय. माझं म्हणणं, ती उघडी पाहिजे. चिप माझी, नुकसान माझं.

वाळूजचा एम्बेडेडवाला:
दादा, माझा ठाम विरोध. वाचायचं दार तेच लिहायचंही. आमच्या टेबलावर घडलेलं सांगतो. १६२ नंबरच्या बाइटात १ लिहायचा होता, पोरानं २ लिहिला. १ म्हणजे रिसेट पिन कायमची चालू, २ म्हणजे कायमची बंद. तो बाइट एकदाच लिहिता येतो. आता ती चिप अडकली की रिसेट मारून उठत नाही, सप्लायच काढावा लागतो. रानातल्या पेटीचा सप्लाय रात्री दोनला कोण काढणार? शिवाय १८३ नंबरचा बाइट बदलून बसची (चिपकडे जाणाऱ्या डेटाच्या तारांची) रुंदी फिरवली तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पत्ताच नसतो, तो जुन्याच रुंदीनं बोलत राहतो.

आखाड्यावरून:
कुणीही उठून कमांड देऊ शकत नाही ना पण. रॉ आयओची, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलायची, खास परवानगी लागते, आणि पार्टिशनवर (चिपच्या एका भागावर) नाही, पूर्ण डिव्हाइसवरच चालते.

वाळूजचा एम्बेडेडवाला:
असल्या पेट्यांत सगळंच रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे. मग परवानगी उरली कुठं? आणि झीजच बघायची तर नवीन कर्नल लाइफ टाइमची फाइल स्वतःच देतो. नुसती वाचायची. कमांड कशाला?

लातूरची दुरुस्तीवाली:
भाऊ, ती फाइल ईएमएमसीची. एसडी कार्डाचं काय? औद्योगिक कार्डं तब्येत सांगतात ती बहुधा ५६ नंबरच्या कमांडनं, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. कर्नल कुणाकुणाची फाइल बनवणार? कार्ड काढून यूएसबी रीडरला लावलं तर ही कमांड जातच नाही, रीडर मध्ये येतो. म्हणजे बोर्डावरच विचारावं लागतं. माझ्या मते वाचू द्या, लिहिणं अडवा.

वाळूजचा एम्बेडेडवाला:
ताई, कमांडच्या नंबरावरून ते अडवता येत नाही. ५६ वाचायलाही तीच, लिहायलाही तीच, फरक आर्ग्युमेंटच्या (कमांडसोबत जाणाऱ्या आकड्याच्या) शेवटच्या बिटाचा. १ असला तर वाचणं, ० असला तर लिहिणं. गाळणी लावायचीच तर ती बिटापर्यंत बघणारी लागेल. तशी असेल तर ५६ पुरता माझा विरोध मागे. ६ नंबरच्या कमांडला मात्र विरोध कायम, १६२ तिथूनच लिहिला जातो.

आखाड्यावरून:
६ नको, कबूल. पण माझ्या बोर्डाचा कर्नल जुना, त्यात ती फाइल नाही. मग ८ नंबरची कमांड तरी उघडा, ती ५१२ बाइट वाचून देते, लिहीत काहीच नाही. खत सोडणारा प्रोग्राम रूटवरून काढतो आणि परवानगी फक्त झीज वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रामला देतो. सोयाबीनला पाणी द्यायच्या आधी मला तो आकडा दिसला पाहिजे.