वेट्स (एआय मॉडेलने शिकलेले आकडे) दिली, ट्रेनिंगचा डेटा नाही दिला. मग मॉडेल ‘ओपन सोर्स’ कसं?

तळटीप (प्रश्न विचारणारा सदस्य):
बैठकांच्या इतिवृत्तांचे सारांश काढणारं एक साधन बनवतोय. ७ अब्ज पॅरामीटर्सचं, म्हणजे तितक्या वेट्सचं, मॉडेल माझ्याच मशीनवर चालतं. कंपनीच्या पानावर ठळक अक्षरांत ‘ओपन सोर्स’ (म्हणजे कोणालाही वाचता, बदलता, वाटता येणारं) लिहिलं होतं, म्हणूनच ते निवडलं.

सारांश चांगला येतो, पण अधूनमधून शेवटी एक ओळ चिकटते: ‘अधिक माहितीसाठी आमच्या वार्तापत्राची नोंदणी करा.’ इतिवृत्तात वार्तापत्राचं नावही नसतं. कुठल्या तरी वेबसाइटच्या तळाचा मजकूर साफ न करताच ट्रेनिंगमध्ये शिरला असणार. ६०० उदाहरणं हाताने लिहून मॉडेल फाइन-ट्यून केलं, म्हणजे त्यांवर थोडं आणखी शिकवलं. ओळ गेली. आठवड्याभरात लांब इतिवृत्तांखाली नवी आली: ‘लेख आवडल्यास शेअर करा.’

एरवी असा बग आला की मी ती ओळ सोर्समध्ये शोधतो आणि पाच मिनिटांत जागा सापडते. इथे हातात आहेत ते १४ जीबी आकडे. ते बदलता येतात, वाचता येत नाहीत. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये सोर्स कोड म्हणजे बदल करण्यासाठी जे रूप पसंत केलं जातं ते. माझ्या मॉडेलचं ते रूप, म्हणजे ट्रेनिंगचा डेटा, कंपनीकडेच राहिलंय, असं मला वाटतं. तुम्हाला?

अर्धविराम:
मला नाही वाटत. बदल करायला तुम्ही स्वतः काय वापरलंत? वेट्सच ना? पहिल्यापासून ट्रेनिंग करणं फार थोड्यांना परवडतं.

ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २८ ऑक्टोबर २०२४ला ‘ओपन सोर्स एआय’च्या व्याख्येची १.० आवृत्ती काढली, तीही सगळा डेटा मागत नाही. कोड आणि पॅरामीटर्स हवेत, आणि डेटाविषयी इतकी माहिती हवी की जाणकार माणसाला जवळपास तसंच मॉडेल उभं करता यावं. रुग्णांच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल घ्या. त्या नोंदी कोणी वाटू शकत नाही, वाटूही नयेत. डेटाची सक्ती केली तर अशी मॉडेल्स कायमची बाहेर राहतील.

मुक्काम:
आधी लायसन्स वाचा, जाहिरात नंतर. मेटाच्या लामा २ मॉडेलच्या लायसन्समध्ये महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घ्यावी लागते, शिवाय वापरावर बंधनं आहेत. ते ओपन सोर्स नव्हेच. डीपसीक या चिनी कंपनीचं आर१ मॉडेल एमआयटी या जवळपास काहीही करू देणाऱ्या लायसन्सखाली आलं, म्हणजे वेट्स खरोखर मोकळी, पण डेटा तिथेही नाही.

तळटीप:
मुक्काम, तुमचं ऐकून रात्री लायसन्स पूर्ण वाचलं. ‘ओपन सोर्स’ हे शब्द त्यात एकदाही नाहीत, फक्त पानावर आहेत.

अर्धविराम, रुग्णांच्या नोंदींचं पटलं. त्या झाकूनच ठेवायला हव्यात. पण माझ्या मॉडेलमध्ये शिरलंय ते वेबसाइट्सच्या तळाचं लिखाण, आणि त्यात गुपित काय आहे? तुम्ही सांगितलेली डेटाविषयीची माहितीसुद्धा कंपनीने दिलेली नाही. ‘सार्वजनिक स्रोतांतून गोळा केलेला मजकूर’, एवढं एकच वाक्य आहे. त्यावरून कोणता जाणकार काय उभं करणार? अशा मॉडेलला ‘ओपन वेट्स’ म्हणा, मी आनंदाने वापरेन. तो शब्द खरा आहे.

दरम्यान ओल्मो हे दुसरं मॉडेल लावून पाहिलं. ॲलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने त्याची वेट्स, कोड, डेटा सगळंच उघडं ठेवलंय. सारांश थोडे कच्चे येतात. पण त्यांच्या ऑनलाइन डेमोत एक उत्तर खटकलं तेव्हा ओल्मोट्रेस या त्यांच्या साधनाने त्यातल्या शब्दांशी तंतोतंत जुळणारे ट्रेनिंगमधले उतारे समोर ठेवले. जुळलं म्हणजे कारण तेच, असं नाही, हे कळतं मला. तरी दोन महिन्यांत पहिल्यांदाच शोधायला जागा मिळाली. ती ६०० उदाहरणं आता ओल्मोवर चालवतोय.