६५ की ७७, ओएलईडी की मिनी एलईडी? रात्री गेम-सिनेमे, दिवसभर बातम्या आणि हॉलमध्ये ऊन

रातपाळी_गेमर

नमस्कार मंडळी, आठ वर्षं जुना ५० इंची टीव्ही आता बदलायचाय. साधा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) एलईडी आहे, त्याला पीएस५ हा गेम कन्सोल जोडून दीड वर्ष झालं पण १२० हर्ट्झवर गेम कसा दिसतो हे मी अजून घरी एकदाही पाहिलेलं नाही. यावेळी एकदाच चांगला घ्यायचा आणि पुढची सात-आठ वर्षं बघायला नको असं ठरवलंय.

वापर असा आहे. रात्री सगळे झोपले की माझे दोनेक तास गेम, शनिवार-रविवार सिनेमे, तेही लाईट बंद करून. पण दिवसा टीव्ही आईबाबांचा, बातम्यांचा एकच चॅनेल सलग चार-पाच तास चालू असतो. त्यात हॉलला पश्चिमेला मोठी खिडकी आहे, दुपारी तीननंतर ऊन आत येतं. सोफ्यापासून भिंत साडेआठ फूट, टेप लावून मोजलंय.

तीन आठवडे झाले रोज रिव्ह्यू बघतोय आणि जेवढं बघतोय तेवढा गोंधळ वाढतोय. एकजण म्हणतो ओएलईडी सोडून काही बघूच नका, दुसरा म्हणतो बर्न-इन होईल (स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटेल) आणि पस्तावाल. शोरूममध्ये गेलो तर तिथे सगळेच टीव्ही भारी दिसतात, त्यातला फरक कळतच नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार घरात वापरलेत त्यांनी प्लीज सांगा. आणि साइज ६५ घेऊ की ७७?

---

काळोख_प्रेमी

तुम्ही वापर नीट लिहिलात म्हणून उत्तर देता येतंय, नाहीतर लोक नुसतं 'बेस्ट टीव्ही सुचवा' विचारतात आणि खोली कशी आहे ते सांगतच नाहीत.

आधी साइज, कारण ते सोपं आहे. साडेआठ फुटांवरून ६५ इंची टीव्ही तुमच्या नजरेचा साधारण ३१ अंश भाग व्यापतो आणि ७७ इंची ३६ अंश. सिनेमासाठी किमान ३० अंश धरतात आणि टीएचएक्सवाले (थिएटरचे दर्जा-नियम ठरवणारी कंपनी) ४० सांगतात. म्हणजे ६५ तुमच्याकडे जेमतेम बसतो आणि ७७ मोठा अजिबात होणार नाही. पहिले चार दिवस अंगावर आल्यासारखा वाटेल, मग सवय होते. मोठा घेतला म्हणून हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, लहान घेतला म्हणून हळहळणारे बरेच भेटलेत.

आता पॅनल. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळं दाखवायचं असेल तर सरळ बंद होतो. अंधाऱ्या खोलीत आकाशातले तारे, गुहा, रात्रीचा रस्ता असला सीन आला की जो परिणाम होतो तो बाकी कशात नाही, हे मी मनापासून सांगतोय. मिनी एलईडीत मागे हजारो बारीक दिवे असतात, पण ते झोनमध्ये वाटलेले असतात. एका झोनमध्ये हजारो पिक्सेल येतात, मग काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की त्यांच्याभोवती धुरकट उजेड दिसतो, त्याला ब्लूमिंग म्हणतात. झोन जास्त असले की कमी दिसतं पण पूर्ण जात नाही.

पण मिनी एलईडीचा जोर उजेडात आहे. ओएलईडीवर छोटा भाग खूप झळकतो, पण पूर्ण पडदा पांढरा झाला की टीव्ही स्वतःच ब्राइटनेस खाली आणतो, बर्फाचं मैदान किंवा न्यूज स्टुडिओ आला की कळतं. मिनी एलईडी तिथे दमत नाही. तुमची दुपार हा खरा प्रश्न आहे, रात्री दोन्हीकडे मजा आहे.

आणि ओएलईडीतच दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. एलजीचं पॅनल असतं त्यात पांढरा सबपिक्सेल (पिक्सेलमधला बारीक रंगबिंदू) असतो. २०२२ पासून क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट या रंग देणाऱ्या सूक्ष्म कणांचं) आलं, त्यात रंग जास्त भरलेले दिसतात, पण त्याला पोलरायझर (बाहेरच्या उजेडाचं परावर्तन अडवणारा थर) नसतो म्हणून खोलीत उजेड असला की काळा रंग जांभळट-करडा दिसायला लागतो. तुमच्या खिडकीसमोर ते मी घेणार नाही.

---

जुनाजाणता

बर्न-इनबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण यूट्यूबवर एकतर लोक घाबरवतात नाहीतर असं काही नसतंच म्हणतात.

माझ्याकडे ओएलईडी होता, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्याकडेही बातम्यांचा एकच चॅनेल रोज चारेक तास. साधारण तीन वर्षांनी एकदा हिरव्यागार मैदानावरचा सामना बघताना खालच्या बाजूला एक आडवा पट्टा वेगळ्या छटेचा वाटला, आधी वाटलं प्रक्षेपणातच काहीतरी आहे. मग पूर्ण लाल रंगाची इमेज लावून बघितली तर बातम्यांची पट्टी आणि वरचा लोगो दोन्ही स्पष्ट उमटलेले. सिनेमात फारसं जाणवायचं नाही पण एकदा दिसलं की नजर तिथेच जाते, खूप वाईट वाटलं होतं मला. वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं, त्यामुळे घेण्याआधी वॉरंटीच्या कागदावर बर्न-इनबद्दल काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा.

हे नक्की होतं काय तर चित्र 'चिकटत' नाही, त्या जागचे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतात. गेममधली हेल्थ बार, मॅप वगैरे रोज दोन तास असली तरी मला तेवढी भीती वाटत नाही, कारण गेम बदलतात, मेनू येतात, सीन येतात. बातम्यांची पट्टी मात्र वर्षानुवर्षं त्याच जागी त्याच रंगात राहते.

अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. ओएलईडी एकूण चारेक तास चालला की नंतर स्टँडबायमध्ये असताना तो आपोआप पिक्सेल दुरुस्त करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. आम्ही रोज रात्री रिमोटने बंद केला की लगेच भिंतीवरचं बटणही बंद करायचो, म्हणजे ते काम कधी पूर्ण होतच नव्हतं. ज्यांच्याकडे ओएलईडी आहे त्यांनी हे आजच घरातल्या सगळ्यांना सांगा. नवीन पॅनल पूर्वीपेक्षा टिकाऊ आहेत हे खरं आहे, तरी तुमचे पाच तास ऐकून मी काळजीने लिहितोय.

---

फ्रेमरेट_फॅन

पॅनलवर बरंच झालं, आता मागच्या बाजूला वळा, कारण गेमिंगवाला माणूस पोर्टमध्येच फसतो.

नुसतं 'एचडीएमआय २.१' (कन्सोल जोडायच्या पोर्टची आवृत्ती) लिहिलेलं असलं म्हणून विश्वास ठेवू नका. आता नियमच असे झालेत की ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) १२० हर्ट्झ नसलेल्या पोर्टलाही २.१ म्हणता येतं. स्पेसिफिकेशनमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधा, ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीचे हर्ट्झ बदलणं) आणि एएलएलएम (गेम सुरू झाला की उशीर कमी करणारा गेम मोड आपोआप लागणं). मग असे पोर्ट किती आहेत ते मोजा. बऱ्याच टीव्हींना दोनच असतात आणि त्यातलाच एक ईआर्कचा (साउंडबारला आवाज पाठवणारा) असतो, म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलसाठी एकच उरला. उद्या पीसी किंवा दुसरा कन्सोल आला की वायरी काढत-घालत बसा. एलजीच्या सी सिरीजला चारही पोर्ट पूर्ण मिळतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे.

'मोशन रेट २४०' असल्या आकड्यांकडे बघूच नका, पॅनल मूळचा १२० हर्ट्झचा आहे का एवढंच विचारा.

डॉल्बी व्हिजनवरून (एचडीआर म्हणजे उजेड-काळोखातले जास्त बारकावे दाखवायचा एक प्रकार) भांडणं चालतात. सॅमसंगच्या टीव्हीत ते नसतं, त्यांचं एचडीआर१०+ असतं. पण पीएस५ डॉल्बी व्हिजन देतच नाही, तो एचडीआर१० वर चालतो, त्यामुळे गेमपुरता तुम्हाला काही फरक नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स असता तर फरक पडला असता. ओटीटीवर सिनेमे बघणार असाल तर डॉल्बी व्हिजन असलेलं बरं.

टीव्ही घरी आल्यावर जे नव्वद टक्के लोक विसरतात ते म्हणजे पोर्टची सेटिंग. बऱ्याच टीव्हींवर १२० हर्ट्झ आपोआप चालू होत नाही. सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस, एलजीवर डीप कलर अशा नावाने त्या पोर्टसाठी चालू करावं लागतं. मग गेम मोड, आणि मग पीएस५ मधलं एचडीआर ॲडजस्ट करायचं. टीव्हीत एचजीआयजी (उजेडाचं गणित टीव्हीऐवजी कन्सोलवर सोडणारी सेटिंग) असेल तर ते आधी निवडा आणि नंतरच पीएस५ च्या तीन स्क्रीन सेट करा, उलट क्रमाने केलं तर उजेडाच्या भागातले बारकावे उडतात. केबल पीएस५ सोबत आलेलीच वापरा, ती पुरेशी आहे.

व्हीआरआरबद्दल एक खरं सांगतो, पीएस५ वर ते ४८ ते १२० हर्ट्झमध्येच चालतं, आणि ओएलईडीवर व्हीआरआर चालू असताना अंधाऱ्या लोडिंग स्क्रीनवर कधीकधी झगमग दिसते. टीव्ही खराब झालाय असं समजून सर्व्हिसवाल्याला बोलावू नका.

---

चोवीस_फ्रेम्स

फक्त सिनेमाबद्दल लिहितो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ ने भाग जात नाही म्हणून साध्या टीव्हीवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवतात आणि कॅमेरा हळू सरकताना अडखळल्यासारखं होतं. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. ओएलईडीचा पिक्सेल इतका झटकन बदलतो की तिथे २४ फ्रेमचे धक्के उलट जास्त दिसतात, काहींना ते खुपतं, मला नाही खुपत. कंपनीने लावून दिलेलं मोशन स्मूदिंग (मध्ये बनावट फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं) मात्र पहिल्याच दिवशी बंद करा, सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. फिल्ममेकर मोड (सिनेमा बनवणाऱ्याला हवं तसं चित्र दाखवणारा) असेल तर तो लावा. पिवळट वाटेल, दोन दिवस थांबा, तोच खरा रंग आहे. आपल्याला इतकी वर्षं निळसर पांढऱ्याची सवय लावलेली आहे.

शोरूममध्ये सगळे सारखेच दिसतात कारण तिथे सगळे व्हिव्हिड (भडक रंगांच्या) मोडवर आणि भगभगीत लाईटखाली असतात. पेनड्राइव्हवर स्वतःचा एक काळोखा सीन आणि एक सबटायटल्सवाला तुकडा घेऊन जा आणि फिल्ममेकर मोड लावून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

---

रातपाळी_गेमर

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांत जे कळलं नाही ते एका दिवसात कळलं. जुनाजाणता, तुमचं वाचून लगेच आईला विचारलं की जुना टीव्ही आतल्या खोलीत लावू का, बातम्या तिकडे बघशील का. ती लगेच हो म्हणाली, पण मला माहितीये तिला हॉलमध्येच बसायला आवडतं, येणारे-जाणारे दिसतात, बाबांशी बोलता येतं. तिला आत पाठवून मला चांगला काळा रंग नकोय. त्यामुळे मन आता मिनी एलईडीकडे झुकलंय, ७७ च्या आसपास त्यात बहुतेक ७५ इंच मिळतो तोच. पण रात्रीच्या सिनेमाचं वाईट वाटतंय. गेममध्ये ब्लूमिंग खूप त्रास देतं का?

---

काळोख_प्रेमी

मी वर ओएलईडीचं एवढं कौतुक केलं तरी तुमच्या घरासाठी हेच बरोबर आहे. आणि रात्रीचं एवढं वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या मिनी एलईडीवर सिनेमा बघून कोणी निराश होत नाही. सोफ्यावर अगदी समोर बसाल तर ब्लूमिंग बरंच कमी जाणवतं, बाजूने बघितलं की वाढतं, आणि रात्री तुम्ही एकटेच असता म्हणजे समोरच बसणार. टीव्हीमागे भिंतीवर एक मंद पांढरा दिवा लावून ठेवा. पूर्ण काळोखात डोळे त्या धुरकट कडा शोधतात, थोडा उजेड असला की काळा रंग आपोआप गडद वाटतो. डोळ्यांनाही बरं पडतं.

शोरूममध्ये दोन गोष्टी तपासा. एक, गेम मोड लावल्यावर झोनचं काम किती बदलतं. काही मॉडेल लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) कमी करायला डिमिंग (झोनचे दिवे मंद करणं) हळू किंवा सौम्य करतात, मग सिनेमात छान दिसणारा टीव्ही गेममध्ये फिका पडतो. त्यामुळे गेम मोडमध्येच काळ्या स्क्रीनवर पांढरा कर्सर फिरवून बघा, उजेड मागून रेंगाळत येतो का. दुसरं, पॅनल व्हीए आहे का आयपीएस (एलसीडी पॅनलचे दोन प्रकार) विचारा. व्हीएचा काळा जास्त गडद असतो पण बाजूने रंग उतरतात. आईबाबा कुठे बसतात ते बघा, एका कडेच्या खुर्चीत बसत असतील तर तेवढ्याच कोनात उभं राहून बातम्या लावून बघा.

---

जुनाजाणता

आईचं वाचून बरं वाटलं. माझी एक छोटी भर, ७५ इंचीचे पाय बरेचदा दोन टोकांना असतात, मधोमध नसतात. तुमच्या टीव्ही युनिटची रुंदी मोजून ठेवा आणि दोन पायांमधलं अंतर स्पेसिफिकेशनमध्ये बघा. माझ्या भावाकडे टीव्ही आला आणि युनिट चार बोटं कमी पडलं, तो आठवडाभर खोक्यातच होता.

---

रातपाळी_गेमर

आत्ताच मोजलं, युनिट १२० सेंटीमीटर आहे, यादीतल्या दोन मॉडेलचे पाय त्याच्या बाहेर जातायत. म्हणजे भिंतीलाच लावावा लागणार. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन जातोय, बाबांना पण नेतोय, कडेच्या खुर्चीत तेच बसतात. बघून आलो की इथेच लिहितो.